दोनशे किलोमीटर सायकल आणि ताकदीचे इंजेक्शन

"डॉक्टर, ताकदीचं एखादं इंजेक्शन द्या. पुढच्या महिन्यात दोनशे किलोमीटर सायकल चालवायची आहे!" सेहेचाळीस वर्षांचे एक शिक्षक गेल्या महिन्यात दवाखान्यात येऊन म्हणाले. नवी सायकल घेऊन दोन महिने झाले होते. सराव विचारला, तर घर ते शाळा, शाळा ते घर. नाव नोंदवून पैसेही भरलेले!

दूर पल्ल्याच्या अशा फेरीला 'ब्रेव्हे' म्हणतात. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांप्रमाणे २०० किलोमीटर अंतर साडेतेरा तासांत पुरे करायचे असते. पहिला-दुसरा नंबर नसतो. हल्ली डांबरी रस्ता सोडून खडी-मुरमाच्या वाटेने जाण्याचीही हौस वाढली आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील एम्पोरिया गावी २००६ पासून कच्च्या रस्त्यावर सुमारे ३२० किलोमीटरची शर्यत भरते. आमच्या गुरुजींच्या फेरीतही बराच रस्ता मुरमाचा होता. अशा रस्त्यावर चाक रुतते, हादरे बसतात आणि तेवढ्याच अंतराला वेळ व श्रम जास्त लागतात.

यासाठी ताकदीचे इंजेक्शन नसते. निरोगी माणसाला सलाईन किंवा जीवनसत्त्वाची सुई देऊन सायकल चालवण्याची शक्ती येत नाही. ती सरावानेच येते.

आधी तपासणी

चाळिशी ओलांडलेल्यांनी, तसेच मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचे व्यसन किंवा घरात हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना दाखवावे. नुसता ईसीजी चांगला आला म्हणजे निर्धास्त होऊ नये. तो आराम करताना काढलेला असतो. गरज वाटल्यास डॉक्टर चालत्या पट्ट्यावरची स्ट्रेस टेस्ट सांगतात. गुरुजींचे वडील ५२ व्या वर्षी हृदयविकाराने गेले होते. ही गोष्ट मी विचारल्यावर त्यांनी सांगितली!

सराव

किमान तीन महिने हाती हवेत. आठवड्यातून तीन-चार दिवस सायकल चालवावी आणि आठवड्याचे एकूण अंतर दर वेळी साधारण दहाव्या हिश्श्याने वाढवावे. दर चौथ्या आठवड्यात थोडे कमी करावे. फेरीच्या दोन-तीन आठवडे आधी १२० ते १४० किलोमीटरची एक फेरी जमली, तर दोनशेची भीती राहत नाही. शेवटच्या आठवड्यात मात्र विश्रांती घ्यावी. निम्मा सराव कच्च्या रस्त्यावरच करावा.

पॅडल सर्वांत खाली असताना टाच त्यावर ठेवली, तर गुडघा सरळ व्हावा. सीटची उंची एवढी असावी. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या आल्या, तर मनगटाजवळची नस दबते आहे असे समजावे. हाताची पकड बदलत राहावे, कोपर किंचित वाकवलेले ठेवावे, गादीचे हातमोजे घालावेत. टायरमध्ये हवा मर्यादेत राहून थोडी कमी ठेवली, तरी हादरे कमी होतात. सीटवर बसून जांघेत बधिरपणा येत असेल, तर दर पंधरा मिनिटांनी मिनिटभर पॅडलवर उभे राहावे.

पाणी, मीठ आणि खाणे

घामावाटे तासाला अर्धा ते एक लिटर पाणी जाते, कडक उन्हात त्याहून अधिक. सरावाच्या आधी व नंतर वजन करून पाहावे. एक किलो घटले, तर साधारण एक लिटर पाणी कमी पडले. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. तेही धोक्याचे आहे. नुसते पाणी पोटभर पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलट्या, भ्रम आणि झटकेसुद्धा येतात. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे आणि सोबत ओआरएस ठेवावे. घरी करायचे तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट चहाचे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट चमचा घालावा.

भूक लागण्याची वाट पाहू नये. दर अर्ध्या तासाने केळे, दोन-तीन खजूर किंवा चिक्की खावी. सरावात जे पचले तेच त्या दिवशी खावे.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर वाटेत एकदम उतरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. त्यांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच बदलावे. आणि अंग दुखेल म्हणून निघतानाच वेदनाशामक गोळी घेऊ नये. शरीरातले पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात.

कधी थांबावे?

छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, घेरी - यातले काहीही झाले, तर तिथेच उतरावे आणि १०८ ला फोन करावा. उन्हात कोणी असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध हरपत असेल, तर तोंडात पाणी घालू नये. दुसऱ्या दिवशी लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पडून खरचटले, तर जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावी, खडे काढावेत आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावी. खरे कामाचे इंजेक्शन ते!

गुरुजी थोडे नाराज होऊन गेले. "भरलेले पैसे बुडतील हो," म्हणाले. मी म्हटले, "बुडू द्या. फेरी पुढच्या वर्षीही निघेल." स्ट्रेस टेस्ट निर्दोष आली. आता पहाटे गावाबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यावर त्यांच्या सायकलचा दिवा दिसतो. काल भेटले तेव्हा सरावाची वही दाखवली. इंजेक्शनचे नाव काढले नाही.