माहितीचा अधिकार व व्यवसायसंस्था

माहितीचा अधिकार व व्यवसायसंस्था : शासनाजवळील माहिती मिळविण्याचा नागरिकांचा हक्क मान्य करणाऱ्या कायद्यांमुळे व्यापारी व औद्योगिक संस्थांवर येणारी बंधने, त्यांना मिळणारे संरक्षण आणि बंधनांच्या पूर्ततेची पद्धती. हे कायदे मुख्यतः शासनाला उद्देशून केलेले असले, तरी परवाने, कर, निविदा, अनुदाने व तपासण्या यांनिमित्ताने व्यवसायसंस्थांची विपुल माहिती शासकीय दप्तरात जमा होते. ती नागरिकाला कितपत खुली असावी, हा या विषयाचा गाभा आहे. एका बाजूस सार्वजनिक पैशाचा विनियोग व लोकांची सुरक्षितता आणि दुसऱ्या बाजूस उद्योजकाने परिश्रमाने मिळविलेले व्यापारी गुपित, असे दोन रास्त हितसंबंध येथे समोरासमोर येतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : शासकीय कागदपत्रे पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ मध्ये प्रथम मान्य केला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९६६ च्या कायद्यात व्यापारी गुपिते व गोपनीय वाणिज्यिक माहिती यांसाठी अपवाद ठेवण्यात आला. तथापि हा अपवाद शासनाला माहिती रोखून ठेवण्याची मुभा देतो, ती रोखण्याची सक्ती करीत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने क्रायस्लर कंपनीच्या खटल्यात १९७९ मध्ये दिला. त्यानंतर माहिती उघड करण्यापूर्वी संबंधित संस्थेस सूचना देण्याची पद्धत १९८७ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने रूढ झाली. दक्षिण आफ्रिकेने याहून पुढचे पाऊल टाकले. तेथील २००० च्या कायद्यानुसार स्वतःच्या एखाद्या हक्काच्या वापरासाठी वा रक्षणासाठी आवश्यक असलेली माहिती खाजगी संस्थेकडेही थेट मागता येते.

भारतात गोव्याने १९९७ मध्ये व महाराष्ट्राने २००२ मध्ये आपापले कायदे केले. केंद्राचा २००२ चा माहिती स्वातंत्र्य अधिनियम अंमलात आलाच नाही. त्याची जागा घेणारा माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः लागू झाला.

कायद्याची व्याप्ती : या अधिनियमाच्या दृष्टीने व्यवसायसंस्थांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग शासनाच्या मालकीच्या, नियंत्रणाखालील वा शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य मिळणाऱ्या संस्थांचा. सार्वजनिक क्षेत्रातील उपक्रम व राष्ट्रीयीकृत बँका त्यात मोडतात. त्यांना सार्वजनिक प्राधिकरणाची सर्व कर्तव्ये पाळावी लागतात. अर्थसाहाय्य भरीव ठरण्यास ते निम्म्याहून अधिकच असले पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले.

दुसरा वर्ग नियामकाच्या देखरेखीखालील खाजगी व सहकारी संस्थांचा. त्यांच्याकडे थेट अर्ज करता येत नाही. परंतु अन्य कायद्यान्वये जी माहिती शासकीय प्राधिकरण त्यांच्याकडून मागवू शकते, ती माहिती नागरिकाला त्या प्राधिकरणामार्फत मिळू शकते. केरळमधील थलप्पलम सेवा सहकारी बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरविले, की सहकारी संस्था केवळ निबंधकाच्या देखरेखीखाली असल्यामुळे सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. मात्र निबंधकाला कायद्याने मिळू शकणारी माहिती त्याने अर्जदारास पुरविली पाहिजे. साखर कारखाने, पतसंस्था व गृहनिर्माण संस्था यांचे जाळे असलेल्या महाराष्ट्रात या निर्णयाचे महत्त्व विशेष आहे.

तिसरा वर्ग शासनाशी करार करणाऱ्या ठेकेदारांचा व पुरवठादारांचा. अधिनियमातील माहिती मिळविण्याच्या हक्कात कामांची पाहणी करणे व साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे यांचाही समावेश आहे. त्यामुळे रस्त्यावर वापरलेल्या डांबराचा वा इमारतीतील सिमेंटचा दर्जाही नागरिकाच्या चौकशीच्या कक्षेत येतो.

त्रयस्थ पक्षाची कार्यपद्धती : जी माहिती एखाद्या संस्थेने पुरविली आहे किंवा तिच्याशी संबंधित आहे व जी तिने गोपनीय मानली आहे, ती देण्याचा जन माहिती अधिकाऱ्याचा विचार असल्यास त्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्या संस्थेस लेखी सूचना द्यावी लागते. सूचना मिळाल्यापासून १० दिवसांत संस्थेने आपले म्हणणे मांडावयाचे असते. एरवी अर्जाचा निकाल ३० दिवसांत लागतो. या प्रकरणी ती मुदत ४० दिवसांची आहे. निर्णय संस्थेस कळविणे बंधनकारक असून त्याविरुद्ध तिला अपील करता येते. संस्थेचा नकार अधिकाऱ्यावर बंधनकारक नसतो. तिने मौन पाळल्यास तो उपलब्ध कागदपत्रांवरून निर्णय घेतो.

कलम ८(१)(घ) नुसार ज्या वाणिज्यिक माहितीच्या, व्यापारी गुपिताच्या वा बौद्धिक संपदेच्या प्रकटीकरणाने त्रयस्थ पक्षाच्या स्पर्धात्मक स्थानास बाध येईल, ती देण्याचे बंधन नाही. मात्र व्यापक लोकहितासाठी ती उघड करणे आवश्यक आहे, अशी सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री झाल्यास हा अपवाद गळून पडतो. उदा., औषधाच्या उत्पादनाची प्रक्रिया गोपनीय राहू शकते; पण शासकीय रुग्णालयास पुरविलेल्या औषधाची मंजूर किंमत व त्याच्या तपासणीचा निष्कर्ष यांविषयी तसा दावा टिकणे अवघड आहे. निविदा उघडण्यापूर्वी तिच्यातील दर गुप्त ठेवणे स्पर्धेसाठी आवश्यक असते. काम सोपविल्यानंतर ते कारण उरत नाही. शिवाय वीस वर्षांपूर्वीच्या घटनांविषयीच्या माहितीस हा अपवाद लागू होत नाही.

पूर्ततेची व्यवस्था : सार्वजनिक उपक्रमांस अभिलेखांची सूची ठेवणे, कलम ४ नुसार १७ बाबींची माहिती स्वतः होऊन प्रसिद्ध करणे, माहिती अधिकारी व अपील अधिकारी नेमणे ही कामे करावी लागतात. सबळ कारणाविना विलंब वा नकार झाल्यास माहिती अधिकाऱ्यास प्रतिदिन २५० रु. व जास्तीत जास्त २५,००० रु. शास्ती होऊ शकते.

खाजगी संस्थेच्या दृष्टीने खरी पूर्तता माहिती शासनास सादर करतानाच सुरू होते. कोणता भाग गोपनीय आहे व तो उघड झाल्यास कोणती हानी होईल, हे त्या वेळीच नेमके नमूद करणे हिताचे ठरते. सरसकट प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असा शिक्का मारल्याने हेतू साध्य होत नाही. कारण कलम १० नुसार अपवादात्मक भाग वगळून उर्वरित मजकूर देता येतो. १० दिवसांची मुदत अल्प असल्याने सूचना स्वीकारण्यासाठी व उत्तर देण्यासाठी ठराविक अधिकारी नेमणे सोयीचे असते.

अन्य कायदे : प्रकटीकरणाचे बंधन याच एका अधिनियमातून येते असे नाही. जलप्रदूषणविषयक १९७४ च्या अधिनियमान्वये सांडपाणी सोडण्याच्या संमतीतील अटींची नोंदवही बाधित व्यक्तींना पाहण्यास खुली असते. कंपनी अधिनियम, २०१३ नुसार निबंधकाकडे दाखल केलेली कागदपत्रे शुल्क भरून पाहता येतात. भोपाळ येथील १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर फॅक्टरी अधिनियमात १९८७ मध्ये कलम ४१-ब घालण्यात आले. घातक प्रक्रिया चालविणाऱ्या कारखान्याने संभाव्य धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेलाही द्यावी, असे बंधन त्याने घातले. कारखान्यात कोणते विषारी द्रव्य साठविले आहे, हे शेजारच्या वस्तीला ठाऊक नसण्याची किंमत भोपाळने दाखवून दिली होती.

न्यायालयीन दृष्टिकोन : बँकांच्या तपासणीचे अहवाल विश्वासाश्रित संबंधामुळे गोपनीय आहेत, हा भारतीय रिझर्व्ह बँकेचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये फेटाळला. नियामकाचे उत्तरदायित्व जनतेशी आहे, अशी त्यामागील भूमिका होती. मात्र २०२२ मध्ये याच न्यायालयाने, त्या निर्णयात माहितीचा हक्क व खाजगीपणाचा हक्क यांचा समतोल विचारात घेतला गेला नसल्याचे प्रथमदर्शनी मत नोंदवून, बँकांच्या याचिका सुनावणीयोग्य ठरविल्या. यावरून गोपनीयतेची सीमा कायद्याच्या शब्दांनी कायमची आखली जात नाही, हे दिसून येते. प्रत्येक प्रकरणी संभाव्य हानी व लोकहित यांचे तारतम्य पाहूनच ती ठरवावी लागते आणि म्हणूनच नेमकी कारणे व व्यवस्थित अभिलेख यांना या क्षेत्रात निर्णायक महत्त्व आहे.