खेळातून बाहेर पडण्याचे बटण

"डॉक्टरसाहेब, याले आवाज देल्ला तरी आयकत नाही जी. कान तपासून पाहा."

लाखनीजवळच्या एका खेड्यातील आई आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली होती. कान तपासले. पडदे उत्तम होते, ऐकूही नीट येत होते. डोळे मात्र लाल होते, मान आखडली होती आणि झोपायला रात्रीचे दोन वाजत होते. मोबाइलवरील खेळात तो इतका गढून जाई की हाक कानावर पडे, पण मनापर्यंत पोचत नसे. अशा तक्रारी घेऊन येणारे पालक वाढत आहेत. म्हणून आज या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

बोलता बोलता त्या मुलाने मला त्याच्या आवडत्या जपानी कार्टून मालिकेचे नाव सांगितले, 'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन'. जपानी कार्टूनला 'ॲनिमे' म्हणतात. आपल्या घराघरांत पोचलेला 'डोरेमॉन' हा त्याचाच एक प्रकार. ही मालिका मात्र जरा मोठ्या मुलांसाठी आहे. रेकी कावाहारा या लेखकाच्या कादंबऱ्यांवरून ती २०१२ साली तयार झाली. मी ती मुद्दाम पाहिली. पालकांनीही तिची गोष्ट समजून घ्यावी, असे मला वाटते.

डोक्यावर एक शिरस्त्राण चढवायचे की खेळणारा थेट खेळाच्या जगात शिरतो. तिथे तलवारी आहेत, राक्षस आहेत आणि शंभर मजल्यांचा एक तरंगता किल्ला आहे. पहिल्याच दिवशी दहा हजार लोक आत शिरतात. बाहेर पडायची वेळ होते तेव्हा ध्यानात येते, की बाहेर पडण्याचे बटणच नाहीसे झाले आहे. खेळ बनवणाराच सांगतो, की किल्ला सर केल्याखेरीज सुटका नाही. खेळात मेला तो खरोखरच मेला आणि बाहेरून कोणी शिरस्त्राण काढले तरी मृत्यूच. किरितो हा त्यातला नायक. अडकतो तेव्हा त्याचे वय अवघे चौदा वर्षांचे असते आणि सुटका व्हायला दोन वर्षे लागतात.

मुले तलवारबाजी पाहतात. डॉक्टर म्हणून माझे लक्ष दुसरीकडेच गेले. किरितो आत लढत असताना त्याचे खरे शरीर दोन वर्षे इस्पितळाच्या खाटेवर पडून असते. शिरस्त्राण मेंदूचे आदेश वाटेतच अडवते, त्यामुळे हातपाय हलत नाहीत. तो जागा होतो तेव्हा हात काडीसारखे झालेले असतात, केस वाढलेले असतात. सलाइनच्या स्टँडचा आधार घेत, पाय ओढत तो खोलीबाहेर पडतो. खेळातला महान योद्धा आणि चार पावले टाकताना दमणारा मुलगा, दोघे एकच! गोष्ट काल्पनिक असली तरी वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने हा भाग खोटा नाही. वापर थांबला की स्नायू झिजतात. मन कुठेही गेले तरी शरीर मागे राहते आणि हिशेब शरीरालाच चुकवावा लागतो.

आपल्या घरात असे शिरस्त्राण नाही. बटणही जागेवरच असते. मग मुलांची बोटे तिथपर्यंत का जात नाहीत? आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटके होतात. माणसे रात्र रात्र जागतात, हसतात, रडतात. पण पहाटे पडदा पडतो आणि जो तो कामाला लागतो. ऑनलाइन खेळाला असा पडदाच नाही. आपण झोपलो तरी तिथले जग चालू राहते. रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते, एक दिवस चुकला तर ते हुकते. सोबतचे गडी वाट पाहत असतात, मध्येच उठले तर संघ हरतो. मोठे बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसतो, म्हणून 'आणखी एक डाव' संपत नाही. यात मुलाच्या स्वभावाचा दोष थोडा आणि खेळाच्या रचनेचा हात मोठा असतो.

मात्र खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नसतो, हेही लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' म्हणजेच खेळाच्या विकाराला स्थान दिले. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळावर ताबा न राहणे. दुसरी, जेवण, अभ्यास, मित्र या सर्वांपेक्षा खेळ मोठा होणे. तिसरी, नुकसान दिसत असूनही खेळ चालूच ठेवणे. याचा शिक्षणावर वा घरच्या नात्यांवर गंभीर परिणाम झालेला असावा लागतो आणि हे साधारण वर्षभर चाललेले असावे लागते. लक्षणे तीव्र असतील तर त्याआधीही निदान करता येते.

त्या टोकाला जाण्यापूर्वीच शरीर इशारे देऊ लागते. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते, डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. मान पुढे वाकवून बसल्याने मान, खांदे व पाठ दुखते. अंगठा आणि मनगट सुजते. रात्रीच्या उजेडाने आणि खेळातील उत्तेजनेने झोप लांबते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी. ती अपुरी पडली की चिडचिड वाढते आणि वर्गात वाचलेले डोक्यात राहत नाही.

तरीही खेळाला केवळ विष म्हणणे मला पटत नाही. याच मालिकेच्या २०१४ सालच्या दुसऱ्या भागात युकी नावाची मुलगी आहे. तिला जन्माच्या वेळीच एचआयव्हीची लागण झालेली असते आणि ती इस्पितळात अखेरच्या आजारात असते. वैद्यकीय यंत्राच्या साहाय्याने ती खेळाच्या जगात जाते, तिथे धावते, मैत्रिणी जोडते. म्हणजे खेळ कोणाला सोबतही देतो. म्हणून मुलाला 'किती वेळ खेळतोस?' एवढेच विचारू नका. 'तिथे तुला काय मिळते, जे इथे मिळत नाही?' हेही विचारा. शाळेतील अपमान, परीक्षेची भीती, घरातील भांडणे, एकटेपणा, उदासीनता यांपैकी काही निघाले, तर उपचार त्याचाही व्हायला हवा.

नुसत्या बंदीने हे होत नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाइल'वर बंदी घातली. तो युद्धाचा खेळ, पण ओढ तीच. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, त्याचा भारतीय अवतार बाजारात आला. सरकारने आपले काम केले, तरी घरातले काम घरालाच करावे लागते.

पालकांनी पुढील गोष्टी कराव्यात :

१. चालू डावात मोबाइल हिसकावू नये. 'हा डाव संपला की बंद' असे आधी सांगावे आणि ते पाळून घ्यावे. खेळाची वेळ मुलाशी बोलून ठरवावी.

२. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल बंद. रात्री सर्वांचेच मोबाइल एका ठिकाणी ठेवावेत. वडिलांचाही!

३. दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फूट दूरच्या वस्तूकडे पाहावे आणि उठून चार पावले चालावे.

४. जेवताना मोबाइल नको.

५. रोज निदान तासभर मैदानावर वा शेतावर जाऊ द्यावे. उघड्यावरील उजेडात वावरणाऱ्या मुलांत चष्मा लागण्याचे प्रमाण कमी आढळते.

६. मुलगा पाहतो ती मालिका एकदा त्याच्याशेजारी बसून पाहावी. उपदेशापेक्षा त्याने बोलणे लवकर सुरू होते.

मुलगा शाळा टाळू लागला, मोबाइल मागितल्यावर अंगावर धावून येऊ लागला, पैसे चोरू लागला किंवा जेवणखाण सोडून बसला, तर डॉक्टरांना दाखवावे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र 'शट क्लिनिक' चालते. समुपदेशनाने पुष्कळ मुले सावरतात. जीव देण्याची भाषा एकदा जरी तोंडून निघाली, तरी ती धमकी समजू नये. मुलाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. हा क्रमांक आजच घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.