राउटरवरील चालू आज्ञा थांबविणे : तंत्र आणि मर्यादा

प्रस्तावना :
उरण तालुक्यातील जासई गावाजवळच जवाहरलाल नेहरू बंदर आहे. १९८९ मध्ये कार्यान्वित झालेल्या या बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' या घातक संगणक प्रणालीच्या जागतिक हल्ल्यामुळे खोळंबले होते. त्या घटनेचे कारण वेगळे असले, तरी मालवाहतूक संगणकीय जाळ्यावर किती अवलंबून आहे हे तीतून दिसून आले. असे जाळे सांभाळणाऱ्या तंत्रज्ञास राउटरला आज्ञा देण्याइतकेच दिलेली आज्ञा थांबविण्याचे ज्ञानही आवश्यक असते. प्रस्तुत लेखात सिस्को राउटरच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

आज्ञा रेंगाळण्याची कारणे :
'पिंग' ही आज्ञा सामान्यतः पाच संदेश पाठवून प्रत्येकाच्या उत्तराची दोन सेकंद वाट पाहते. म्हणजे उत्तर न मिळाल्यास सुमारे १० सेकंद जातात. 'ट्रेसराउट' मात्र कमाल ३० टप्प्यांपर्यंत, प्रत्येक टप्प्यास तीन संदेश व प्रत्येक संदेशास तीन सेकंद या हिशेबाने, २७० सेकंद म्हणजे साडेचार मिनिटे अडकून राहू शकते. चुकीचा शब्द टंकलिखित झाल्यास राउटर त्यास दूरस्थ संगणकाचे नाव समजून त्याचा पत्ता शोधू लागतो व तोवर पडदा अडून राहतो.

थांबविण्याची पद्धत :
अशा वेळी कंट्रोल, शिफ्ट व ६ या कळा एकत्र दाबाव्यात. इंग्रजी कळफलकावर ६ च्या कळीवरच टोपीसारखे चिन्ह असते. त्याचा आस्की क्रमांक ९४ असून कंट्रोल कळीमुळे त्यातून ६४ वजा होऊन ३० क्रमांकाचे नियंत्रण-चिन्ह राउटरकडे जाते. ही कळ न चालल्यास 'एस्केप-कॅरेक्टर ३' ही मांडणी करून कंट्रोल-सी वापरता येते, कारण सी चा क्रमांक ६७ आहे. पत्त्याचा निष्फळ शोध 'नो आयपी डोमेन-लुकअप' या आज्ञेने मुळातच टाळता येतो.

मर्यादा :
याच कळांनंतर एक्स दाबल्यास टेलनेट सत्र केवळ स्थगित होते, बंद होत नाही. ते मिटविण्यास 'डिसकनेक्ट' ही आज्ञा द्यावी लागते. तसेच 'डीबग' ही पार्श्वभूमीवर चालणारी आज्ञा या कळांनी थांबत नाही. कार्यमग्न राउटरवर 'डीबग ऑल' दिल्यास प्रक्रियकावर असह्य ताण येऊ शकतो. त्यावर उपाय 'अनडीबग ऑल' हाच होय.

निष्कर्ष :
पडदा मोकळा होणे आणि राउटरचे काम थांबणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रात्यक्षिकाच्या पहिल्याच तासास हा भेद विद्यार्थ्यांस हाताळून दाखविणे इष्ट ठरेल. कारण प्रयोगशाळेत झालेली चूक निस्तरता येते, परंतु चालू जाळ्यावर तिचा भुर्दंड इतरांस सोसावा लागतो.