आमच्या न्हाणीघराचं ऑपरेशन

सकाळी साडेसातला हातात बादली घेऊन हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर रांगेत ताटकळणाऱ्या प्रत्येकाला बाथरूम या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे. मला तो जरा जास्तच आहे. 2023 च्या दिवाळीत मी फराळापेक्षा सिमेंटच जास्त खाल्लं!

झालं असं. आमचा फ्लॅट 1986 सालचा, सांगलीत, पहिल्या मजल्यावर. न्हाणीघरात शहाबादी फरशी, तीही वापरून वापरून आणि साबण पिऊन गुळगुळीत झालेली. नवरात्रात आजी आत घसरली. मनगट मोडलं, पण त्याहून भयंकर म्हणजे आजी दाराला टेकून पडली होती आणि दार आत उघडणारं. बाबा बाहेरून ढकलतायत, आजी आतून ओरडतेय, "अरे ढकलू नकोस रे, हात अडकलाय!" शेवटी बिजागऱ्यांची खटपट करून दार काढलं. वीस मिनिटं गेली. मी तेव्हा इथे हॉस्टेलवर, सबमिशन लिहीत. फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "सिव्हिलला आहेस ना? मग सुट्टीत ये आणि बघ."

त्यात खालच्या काकूंचं जुनं गाऱ्हाणं होतंच. त्यांच्या छताला ओल आणि पोपडे. बाबांचं मत, वरून नव्या चकचकीत टाइल्स चिकटवल्या की काम फत्ते. मी म्हटलं, बाबा, ही तापावर पावडर लावल्यासारखी गत होईल.

कारण पाणी फरशीतून झिरपत नाही, ते सांध्यांतून उतरतं. सांध्यातलं व्हाइट सिमेंट चिरलं की पाणी खालच्या विटांच्या कोब्यात जातं आणि कोबा ते स्पंजासारखं धरून ठेवतो. ओल स्लॅबच्या सळईपर्यंत पोचली की सळई गंजते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त. त्याला जागा लागते, मग तो खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. काकूंच्या स्वयंपाकघरात पडणारे पोपडे म्हणजे हेच. म्हणजे फोडायचं तर स्लॅबपर्यंत, नाहीतर हातच लावायचा नाही. बाबांनी खर्चाचा आकडा ऐकून चहा अर्धा ठेवला, पण ऐकलं.

फोडल्यावर जुने जीआय पाइप निघाले. एकाचा तुकडा मी इथल्या लॅबमध्ये आणून ठेवलाय, जरूर बघा. आत गंज बसून पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलंय. आणि आम्ही वर्षानुवर्षं टाकीला शिव्या देत होतो! आता गरम पाण्याला सीपीव्हीसी टाकलाय. साधा पीव्हीसी गरम पाण्याने मऊ पडतो, तिथे काटकसर नको.

आता माझ्या अकलेची गोष्ट. पाणी जिथून बाहेर जातं त्याला आपण पुस्तकात नहाणी ट्रॅप म्हणतो, मिस्त्री म्हणतात नानी ट्रॅप. त्याची उंची मी वहीत काढून दिली. दाराशी फरशी बाहेरच्यापेक्षा अर्धा इंच खाली हवी, म्हणून मी ट्रॅपचं तोंडही बाहेरच्या फरशीपेक्षा अर्धा इंच खाली लिहिलं. मिस्त्रींनी बसवलं, पाइप जोडले. संध्याकाळी लेव्हलची नळी लावून ते म्हणाले, "इंजिनियरसाहेब, उतार कुठं ठेवलाय?" दारापासून ट्रॅप सात फूट. फुटाला एक सूत उतार, म्हणजे सात सूत, साधारण 22 मिलिमीटर. अधिक दाराचे चार सूत. ट्रॅप अकरा सूत खाली हवा होता, मी चारवर ठेवला. तसाच राहिला असता तर आंघोळीचं पाणी हॉलमध्ये! सांधा कापून परत जोडला, अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त दुसऱ्या दिवसापासून "साहेब"चं "बाळ" झालं.

याच ट्रॅपच्या वाकात सुमारे 50 मिलिमीटर पाणी कायम राहतं आणि ते गटाराचा वास अडवतं. सुट्टीत ते आटतं. आपण परत आल्यावर हॉस्टेलच्या बाथरूममध्ये जो 'सुगंध' येतो तो यामुळेच. रेक्टर सरांना निवेदन देण्याआधी एक तांब्या पाणी ओतून बघा.

वॉटरप्रूफिंगनंतर मात्र मी हट्ट धरला. ट्रॅपला बोळा मारून दोन इंच पाणी साठवलं, भिंतीवर पेन्सिलीची खूण केली, 48 तास वाट पाहिली. बाबा चिडले, "दोन दिवस काम बंद?" दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी हाक मारली. पाइप भिंतीतून जातो त्या कोपऱ्यात खाली ओल आली होती. तिथला सांधा परत भरला, परत 48 तास. या वेळी कोरडं. टाइल्स बसल्यावर हे कळलं असतं तर? असो.

बाकी भराभर सांगतो. जमिनीला खरखरीत मॅट टाइल्स. गीझर दोन किलोवॅटचा, म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर, म्हणून 16 अँपिअरचा वेगळा पॉइंट, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी. (इलेक्ट्रिकलवाल्यांनी फुकट सल्ला दिला, वडापाववर.) दार बाहेर उघडणारं, कडी बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी. आणि आजीसाठी स्टीलचा धरायचा दांडा. तो नुसत्या टाइलला स्क्रू मारून चालत नाही, अँकर मागच्या विटांत खोल जावा लागतो. बसवल्यावर मी आणि मिस्त्री दोघंही त्याला लोंबकळून पाहिलं.

आजी आता त्यावर टॉवेल वाळत घालते. "धरायला आहे गं तो," म्हटलं तर म्हणते, "धरीन की, पडायला लागले की."