मदतीचा रकाना

विशेष मुलांच्या आयईपीत, म्हणजे वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात, दोन क्रियापदं फार भेटतात: ‘समजेल’ आणि ‘ओळखेल’. मुलाला पैसे समजतील. मुलगी रंग ओळखेल. वाचायला बरं वाटतं, पण तीन महिन्यांनी हे तपासायचं कसं? समजणं डोळ्यांना दिसत नाही. ‘पाच रुपयांचं नाणं मागितल्यावर तीन नाण्यांतून तेच उचलून हातात देईल’ हे दिसतं. माझ्या कामातला बराचसा वेळ ‘समजेल’ खोडून त्या जागी हाताला, डोळ्यांना, पायांना करता येईल असं काहीतरी लिहिण्यात जातो.

त्याआधी मूल आज कुठे आहे ते लिहावं लागतं. हाताशी चाचणी-याद्या असतात. चेन्नईच्या एमडीपीएस या यादीत १८ विभाग आणि प्रत्येकात २० बाबी, म्हणजे एकूण ३६०. सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली एफएसीपी ही यादीही आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. याद्या हव्यातच. पण यादीत ‘बटण लावता येत नाही’ अशी खूण केली की काम संपल्यासारखं वाटतं, आणि खरं काम तिथूनच सुरू होतं.

मध्यम बौद्धिक अक्षमता असलेला नऊ वर्षांचा एक मुलगा. त्याच्या आईला विचारलं, ‘ताई, याला आधी काय यावं असं तुम्हाला वाटतं?’ मला वाटलं होतं, नाव लिहिणं सांगेल. ती म्हणाली, ‘मॅडम, शर्टाची बटणं. धाकटी त्याच्या आधी तयार होऊन बसते. ते त्याला कळतं.’

मग त्याला शर्ट घालायला देऊन नुसतं पाहत बसले. डाव्या हातानं काजाची कड धरत होता, पण बटण चिमटीत यायचं नाही, मूठच वळायची. बटण काजात सारणं जमत नव्हतं. मी अर्धं सारून दिलं, तर पलीकडून ओढून काढत होता, आणि काढल्यावर माझ्याकडे बघत होता. म्हणजे शेवटची पायरी त्याच्याजवळ होती. उद्दिष्ट तिथूनच लिहायचं, उलट्या दिशेनं: ‘अंगातल्या शर्टाचं पोटावरचं बटण काजात अर्धं घालून दिल्यावर, तोंडी सूचनेवर, पाचपैकी चार वेळा ओढून पूर्ण लावेल.’ पोटावरचं, कारण ते त्याला दिसतं. गळ्याचं बटण सगळ्यात शेवटी. अंगातल्या शर्टाचं, कारण टेबलावरच्या लाकडी पाटीवर बटणं लावणारी मुलं स्वतःच्या अंगावर अडखळतात. आणि सराव सकाळी शाळेला निघताना, जेव्हा बटण लावायचं खरं कारण असतं. शेवटची पायरी पहिल्यांदा शिकवल्यानं प्रत्येक खेपेला काम पुरं झाल्याचा आनंद मुलाच्या वाट्याला येतो. उरलेल्या पायऱ्या मग एकेक करून मागे सरकत त्याच्याकडे द्यायच्या.

कागदावरचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा रकाना मदतीचा. मुलाच्या हातावर हात ठेवून करवून घेतलं, फक्त मनगटाला आधार दिला, बोटानं दाखवलं, नुसतं ‘ओढ’ म्हटलं, की काहीच करावं लागलं नाही? एफएसीपीत शारीरिक मदत, शाब्दिक मदत, अधूनमधून खूण अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत त्या यासाठीच. जूनमध्ये हात धरावा लागत होता आणि दिवाळीनंतर शब्द पुरतो, ही मोठी मजल आहे. वार्षिक अहवालात मात्र ‘साध्य’ आणि ‘असाध्य’ असे दोनच चौकोन असले, की ती सगळी मजल ‘असाध्य’मध्ये बुडते. आईबाप तो कागद वाचतात आणि वर्ष वाया गेलं असं समजतात. याचा मला राग येतो. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवायला सांगितलं आहे. प्रगती जिथे खरोखर घडते, तो रकानाच कोरा ठेवून लक्ष कसलं ठेवणार?

विशेष शिक्षकाच्या वाट्याला अनेक गावं आणि अनेक शाळा येतात, तपासणीची तारीख जवळ आली की मागच्या वर्षीचे आराखडे नव्या नावानं उतरतात, हेही खरं आहे. ज्या आराखड्यातलं नाव झाकलं तर तो वर्गातल्या कुठल्याही मुलाला लागू पडतो, तो वैयक्तिक नव्हे.

सर्वांत अवघड जातात वर्तनाची उद्दिष्टं. ‘वर्गात ओरडणार नाही, हात चावणार नाही.’ हे उद्दिष्ट टेबलावरची फुलदाणीही पूर्ण करते. मुलानं काय करायचं, ते त्यात कुठेच नाही. न बोलणारा एक स्वमग्न मुलगा मनगट चावायचा. नोंदी ठेवल्या तेव्हा दिसलं, हे घडतं ते समोरची वस्तू नको असताना. त्याच्याकडे ‘नको’ म्हणायला दुसरं साधनच नव्हतं. म्हणून लिहिलं: ‘नको असलेली वस्तू पुढे आल्यावर लाल कार्ड उचलून समोरच्याच्या हातात देईल.’ सुरुवातीला मागे बसलेली व्यक्ती त्याचा हात धरून कार्ड उचलायला लावायची, मग फक्त कोपराला स्पर्श.

कार्ड जमलं आणि त्यानं ते पेन्सिलीलाही दिलं, चित्राच्या वहीलाही. वर्गशिक्षिका म्हणाल्या, ‘असं केलं तर हा काहीच शिकणार नाही.’ त्यांची काळजी रास्त होती. पण सुरुवातीला प्रत्येक ‘नको’ मानावाच लागतो, नाहीतर कार्डावरचा त्याचा विश्वास उडतो आणि दात पुन्हा मनगटावर येतात. चावणं कमी झाल्यावर पुढचं उद्दिष्ट लिहिलं: ‘कार्ड दिल्यावर, वाळूचं घड्याळ समोर ठेवून, एक मिनिट काम करेल आणि मग सुट्टी घेईल.’ मदतीच्या रकान्यात सध्या ‘बोटानं घड्याळ दाखवणे’ असं आहे.