गाडीचे प्रगतिपुस्तक

तीन वर्षांपूर्वी आम्ही नाहूरला राहायला आलो आणि त्याच सुमारास अम्मींचे डायलिसिस सुरू झाले. आठवड्यातून तीन फेऱ्या. लोकलची गर्दी त्यांना झेपेना, रिक्षा ऐनवेळी मिळेना. भिशीचे आणि साठवलेले मिळून सव्वादोन लाख रुपये हाताशी होते. व्याजाचे कर्ज नको, म्हणून वापरलेली गाडी घेतली. रंग चकचकीत, सीट कव्हर कोरे, विकणारा गोड बोलणारा.

पहिल्याच पावसाळ्यात गाडीत कुबट वास येऊ लागला. एका सकाळी अम्मी आत बसल्या आणि गाडी सुरूच होईना. मेकॅनिक चाचांनी पायाखालचे कार्पेट उचलले, तर खाली वाळलेला गाळ! गाडी कधीतरी पुराच्या पाण्यात उभी होती. वायरिंगचे चाळीस हजार गेले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या मुंबईकरांना हे सुचायला हवे होते.

चूक आमचीही होती. आम्ही विचारले, "गाडी कशी आहे?" सगळे म्हणाले, "चांगली आहे." शाळेत आम्ही प्रगतिपुस्तकावर नुसते 'चांगला' लिहिले, तर पालकांना काय कळणार? 'वजाबाकीत हातचा विसरतो' असे लिहिले, तर घरी सराव घेता येतो.

म्हणून आपांच्या मुलाला गाडी घ्यायची वेळ आली, तेव्हा चाचांसोबत बसून आम्ही गाडीचे प्रगतिपुस्तक तयार केले. एकच पान, तीन रकाने: काय पाहिले, काय आढळले, दुरुस्तीला किती लागतील.

आधी कागद. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो का? मालक कितवा? बँकेचा बोजा आहे का? असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. ई-चलान थकले आहेत का? विमा, पीयूसी चालू आहे का? यातले बरेचसे सरकारच्या 'एमपरिवहन' ॲपवर दिसते.

मग गाडी. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाचा डाग पाहायचा. स्टेपनीची जागा आणि सीटखालचे बोल्ट गंजलेत का, तेही पाहायचे. टायरवरच्या चार आकड्यांतून तो कधी बनला ते कळते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. किलोमीटर कमी आणि पेडलचे रबर झिजलेले असेल, तर सर्व्हिसच्या नोंदी मागायच्या. इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे.

पहिल्या पानात एक खोट राहिली. जे तपासले नव्हते, ती जागा आम्ही रिकामी सोडली होती. भाच्याने रिकाम्या जागेचा अर्थ 'ठीक' असा लावला! तेव्हापासून चौथा रकाना आला: 'पाहता आले नाही'. आमच्या मते तोच सर्वांत मोलाचा. सगळ्यात वर एक सोपे वाक्य असते, अम्मींनाही वाचून दाखवले की कळेल असे: 'गाडी घेता येईल, पण क्लच बदलावा लागेल.' भाच्याने पहिली गाडी सोडली. दुसरी घेतली, ती क्लचचा खर्च किमतीतून वजा करून.

विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी खरेदीदाराच्या नावावर होईपर्यंत गाफील राहू नये. अपघात झाला, तर नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

गेल्या वर्षी आम्ही आमचीच गाडी विकायला काढली. पान समोर घेतले आणि हात थबकला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. हा प्रसंग आम्ही मुलांना कितीदा तरी सांगितला आहे.

आम्ही पहिल्याच ओळीत लिहिले: 'पुराचे पाणी लागलेली गाडी. वायरिंग बदलले आहे.' दोन गिऱ्हाइके परत गेली. तिसऱ्याने पान नीट वाचले, स्वतःचा मेकॅनिक आणला आणि एक लाखाला गाडी नेली. लपवले असते, तर पैसे जास्त आले असते. पण त्या गाडीतही कुणाची तरी अम्मी बसणार होती.