गर्भिणी, तंबाखू आणि गांजा

ठाण्याच्या वागळे इस्टेटसारख्या कामगारवस्तीत राहणाऱ्या प्रत्येक गर्भवतीच्या कानी ही गोष्ट जावयास हवी, की तव्यावर काळी होईतो भाजून दातांना लावलेली मिश्री हीदेखील तंबाखूच होय. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या मातांच्या बालकांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले.

चिलमीत तंबाखूबरोबर गांजा मिसळला, म्हणजे अनर्थ दुणावतो. निकोटिन वारेकडील रक्तपुरवठा आकुंचित करते, धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि गांजातील मादक द्रव्य वार ओलांडून गर्भाच्या घडत्या मेंदूपर्यंत पोहोचते. म्हणूनच अपुऱ्या दिवसांची प्रसूती व खुरटलेली वाढ यांचा धोका एकेका व्यसनाहून या जोडीत अधिक आढळतो. मळमळीवर उतारा म्हणूनही गांजा घेऊ नये.

व्यसन कोणत्याही महिन्यात सोडले तरी लाभच होतो. यास्तव लज्जा वा धाक न बाळगता गर्भिणीने डॉक्टरांस सर्व सांगावे, १८००-११-२३५६ या निःशुल्क तंबाखूमुक्ती सेवेचे साहाय्य घ्यावे, आणि घरच्या पुरुषांनी तिच्यासमोर चिलीम-विडी पेटवू नये.